पेटीतला प्रथमोपचार आणि बांधावरचा अपघात

नववी-दहावीच्या वर्गात एक छोटा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. मुलांना आधी विचारावे, 'प्रथमोपचार पेटीत कोणकोणत्या वस्तू असतात?' उत्तरे धडाधड येतील : कापूस, जंतुनाशक, बँडेजची पट्टी, कात्री, चिकटपट्टी, मलम. वस्तू मोजून गुण देता येतात, त्यामुळे परीक्षेला हा प्रश्न सोयीचा असतो. मग दुसरा प्रश्न विचारावा, 'उसात खुरपताना आईच्या पायाला साप चावला. तुम्ही जवळ आहात. पहिल्या दहा मिनिटांत काय कराल, आणि काय करणार नाही?'

आता वर्ग थोडा थांबतो. मग एक-एक उत्तर येऊ लागते : पायाला वर घट्ट दोरी बांधू, ब्लेडने चीर देऊ, तोंडाने विष ओढून काढू, कडुलिंबाचा पाला खायला देऊन कडू लागतो का ते पाहू, मारुतीच्या देवळात नेऊ. पहिल्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवणारा मुलगा दुसऱ्या प्रश्नात आईचा जीव धोक्यात घालतो, असा हा निकाल आहे. दोष मुलांचा नाही. प्रथमोपचार म्हणजे एक पेटी, आणि ती भिंतीवर टांगली की काम झाले, अशी समजूत आपण कायद्यात, कचेरीत आणि पाठ्यक्रमात रुजवली आहे. या समजुतीची तपासणी या लेखात करायची आहे. त्यासाठी नांदेड जिल्ह्यातला अर्धापूर तालुका डोळ्यांसमोर ठेवू, कारण तिथल्या माणसांची कामाची जागा कोणती आणि पेटी कुठे आहे, यांतले अंतर तिथे स्वच्छ दिसते.

कायद्यातली पेटी

कामाच्या जागी प्रथमोपचार ही कल्पना खाणी, रेल्वे आणि कारखाने यांच्या पोटी वाढली. इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली आणि तिने साध्या कामगारांना रक्तस्राव थांबवणे, मोडलेल्या हाडाला आधार देणे अशा गोष्टी शिकवायला सुरुवात केली. त्यामागचा विचार सरळ होता. अपघात झाल्यापासून डॉक्टर भेटेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात जखमी माणसाजवळ असतो तो त्याचा सोबती. तेव्हा शिकवायचे तर त्यालाच. म्हणजे मुळात प्रथमोपचार हे एक शिक्षण होते. सामान त्याच्या मागून आले.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४५ ने ही गोष्ट कायद्यात आणली. दर दीडशे कामगारांमागे निदान एक पेटी असावी, पेटीत ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज दुसरे काही ठेवू नये, आणि पाचशेहून अधिक कामगार असतील तिथे अँब्युलन्स खोली असावी, असे ते कलम सांगत होते. त्यातली सर्वांत मोलाची अट आणखी वेगळी होती : प्रत्येक पेटी प्रथमोपचाराचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेल्या एका जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी आणि तो माणूस कामाच्या सगळ्या वेळात सहज हाती लागेल असा असावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाची परिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. कामाच्या सर्व वेळात हाताशी असणारी पेटी आणि पाचशेहून अधिक कामगारांसाठी अँब्युलन्स खोली या गोष्टी तिच्यातही आहेत.

कागदावर हे ठीक दिसते. पण व्यवहारात एक साधी गोष्ट घडते. जे मोजता येते तेच तपासले जाते. पेटी मोजता येते, तिच्यातल्या वस्तू यादीशी ताडून पाहता येतात. पेटीशेजारच्या माणसाला रक्त थांबवता येते की नाही, हे पाहायला त्याच्याकडून प्रात्यक्षिक करून घ्यावे लागते आणि ते बहुधा होत नाही. मी काम केलेल्या एका प्रयोगशाळेत पेटीला कुलूप असे आणि किल्ली भांडारपालाच्या टेबलात. भांडारपाल संध्याकाळी घरी जाई. प्रयोग मात्र रात्रीही चालत. वार्षिक तपासणीत त्या पेटीबद्दल कधी शेरा आला नाही, कारण तिच्यातल्या सगळ्या वस्तू जागच्या जागी होत्या. त्या जागच्या जागी का राहिल्या, हे कोणी विचारले नाही.

दुसरी अडचण प्रशिक्षणाची. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचे कौशल्य एकदा शिकल्यानंतर सराव नसेल तर काही महिन्यांतच घसरते, हे अनेक देशांत केलेल्या चाचण्यांत दिसून आले आहे. प्रमाणपत्राचा कागद मात्र भिंतीवर तसाच राहतो. पोहायला शिकलेला माणूस सहसा पोहणे विसरत नाही, म्हणून हेही कौशल्य तसेच असेल असे आपण धरून चालतो. ते तसे नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. हा सगळा कायदा एका फाटकाच्या आत लागू होतो. फाटकाबाहेर काय आहे?

अर्धापूरची कामाची जागा

अर्धापूर हे नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटरवरचे गाव. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे, म्हणजे इसापूर धरणाचे पाणी या भागाला मिळाले आणि केळी, ऊस, हळद ही पिके उभी राहिली. अर्धापुरी केळीचे नाव दूरवर गेले. येळेगावला सहकारी साखर कारखाना आहे. कारखाना आहे म्हणजे तिथे कायदा आहे, आणि कायद्यातली पेटीही आहे.

पण त्या कारखान्यात जाणारा ऊस तोडणारी माणसे फडात असतात. केळीचे घड कोयत्याने उतरवणारी माणसे बागेत असतात. हळद काढणाऱ्या बाया वाकून मातीत हात घालून काम करतात आणि पुढे त्या हळदीच्या कढईजवळ किंवा वाफेच्या कुकरजवळ माणसे उभी राहतात. रात्रपाळीत वीज आली की कोणीतरी हातात बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो आणि पाण्याने भरलेल्या सरीतून अंधारात चालत दारे धरतो. अर्धापूर तालुक्यातल्या बहुसंख्य माणसांची कामाची जागा ही आहे. तिला भिंत नाही, फाटक नाही, म्हणून पेटी टांगायला खिळाही नाही.

नव्या संहितेत 'आस्थापना' ठरण्यासाठी सर्वसाधारणपणे दहा कामगारांची अट आहे. चार-पाच बायांची खुरपणीची टोळी, एक सालगडी, दोघे फवारणीवाले हे त्या हिशोबात बसत नाहीत. कायदा करणाऱ्याची अडचण समजू शकते. दर बांधावर निरीक्षक पाठवता येणार नाही. पण त्यामुळे प्रश्न संपत नाही. पेटी आणि निरीक्षक या मार्गाने जिथे पोचता येत नाही, तिथे दुसऱ्या कोणत्या मार्गाने पोचायचे, हा विचार व्हायला हवा होता. तो झालेला दिसत नाही.

शिकवलेले आणि खरे

बांधावरचा सगळ्यांत भीतीचा अपघात म्हणजे सर्पदंश. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. तो मुख्यतः शेतात राबणाऱ्यांचा, म्हणजे एका अर्थाने व्यवसायजन्य आजार आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली; वर्षाला सरासरी ५८,०००. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पेरणी-खुरपणीच्या महिन्यांतले. सर्वाधिक मृत्यूंच्या राज्यांत महाराष्ट्र नाही, हे खरे. पण याआधीच्या, २०११ सालच्या अभ्यासातला एक आकडा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. सर्पदंशाच्या मृत्यूंपैकी रुग्णालयात झालेले मृत्यू फक्त २३ टक्के होते. बाकीची माणसे रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचलीच नव्हती किंवा तिथे राहिली नव्हती. म्हणजे हे मृत्यू औषध नसल्यामुळे जेवढे झाले, तेवढेच पहिल्या तासा-दोन तासांत काय केले गेले त्यामुळेही झाले असणार.

आणि या पहिल्या तासाबद्दल आपण पिढ्यान्‌पिढ्या काय शिकवले? घट्ट बांधा, चीर द्या, विष ओढा. हे केवळ मांत्रिकांचे सांगणे नव्हते. एके काळी ते विज्ञानाच्या नावानेही सांगितले गेले. १९०४ साली ब्रंटन, फेयरर आणि रॉजर्स या नामवंत मंडळींनी दंशाच्या जागी चीर देऊन त्यात पोटॅशियम परमँगनेट भरण्याची पद्धत सुचवली होती आणि त्यासाठी खास छोटे चाकूही बनवले गेले. परीक्षानळीत परमँगनेट विषाचा नाश करते, हे बरोबरच होते. पण माणसाचा पाय म्हणजे परीक्षानळी नव्हे. विष तोवर ऊतींत शिरलेले असते आणि परमँगनेट विषाबरोबर मांसही जाळते. ही पद्धत मागे पडली. पण चीर देण्याची सवय लोकांत आणि जुन्या पुस्तकांत राहून गेली.

आता या तीन उपायांकडे साध्या शरीरशास्त्राच्या नजरेने पाहू. सापाच्या विषातले बरेचसे घटक मोठे रेणू असतात आणि ते मुख्यतः लसिकावाहिन्यांतून पुढे सरकतात. लसिकेला हृदयासारखा पंप नसतो. स्नायू आकुंचन पावले की ती ढकलली जाते. म्हणून दंश झालेला पाय हलवला, माणूस धावला, की विष लवकर पसरते. पाय स्थिर ठेवला की ते हळू पसरते. यासाठी दोरीची गरज नाही. दोरी घट्ट बांधली तर धमनीतले रक्तही थांबते आणि पाय काळा पडण्याची वेळ येते. घोणस आणि फुरसे यांचे विष जागीच मांस नासवते. ते एका जागी कोंडून ठेवणे म्हणजे नासाडी वाढवणे. शिवाय रुग्णालयात दोरी एकदम सोडली तर कोंडलेले विष एकदम अंगात जाऊ शकते.

चीर देण्याचे नुकसान त्याहून सरळ आहे. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती जाते. ज्याचे रक्त गोठत नाही अशा माणसाला आपण ब्लेडने कापतो आहोत. आणि तोंडाने किंवा पंपाने ओढून विषाचा उपयोगी पडेल एवढा भाग बाहेर येत नाही.

आपल्याकडच्या २००९ च्या राष्ट्रीय उपचारपद्धतीत सांगितलेला प्रथमोपचार चार गोष्टींत बसतो. एक, धीर देणे. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात जातेच असे नाही. तेव्हा 'मावशी, घाबरू नका, आपण दवाखान्यात निघालोच आहोत' हे वाक्य खोटा दिलासा ठरत नाही. दोन, मोडलेले हाड बांधतो तसा चावलेला हात किंवा पाय फळी आणि कापडाने हलका बांधून स्थिर करणे. अंगठ्या, जोडवी, पैंजण काढून टाकणे, कारण पुढे सूज येते. तीन, वेळ न घालवता रुग्णालयात नेणे. चार, वाटेत दिसलेली लक्षणे डॉक्टरांना सांगणे : पापण्या मिटू लागल्या का, बोलणे जड झाले का, हिरड्यांतून रक्त आले का.

या यादीत पेटीतली एकही वस्तू नाही, हे लक्षात घ्यावे. धुतलेला जुना पंचा आणि एक फळी पुरे. बाकी सगळे ज्ञान आहे.

एक अपवाद मुद्दाम शिकवण्यासारखा आहे. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. तो दुखत नाही, सूज येत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होतात आणि पुढे श्वासाचे स्नायू थकतात. फडाजवळच्या कोपीत भुईवर झोपणाऱ्या ऊसतोड कुटुंबात हे घडले तर पोटदुखी समजून सकाळ वाया जाते. ही माणसे मुकादमामार्फत आलेली, गावाला परकी. रात्री कोणाला उठवायचे आणि गाडी कोणाची मागायची, हेही त्यांना ठाऊक नसते. त्यांच्या मुलांपैकी काही हंगामापुरती आपल्याच शाळेत बसतात. त्या मुलांना ही लक्षणे कळली, तर ती त्या कोपीतली पहिली प्रशिक्षित माणसे ठरतील.

मुखेड आणि नेपाळ

हे सगळे मोठ्या शहरातले, पुस्तकी विज्ञान आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. नांदेड जिल्ह्यातल्याच मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनी तालुक्याच्या गावी राहून सर्पदंशाच्या रुग्णांवर वर्षानुवर्षे उपचार केले आणि ग्रामीण महाराष्ट्रातल्या दहा वर्षांच्या अनुभवावरचा त्यांचा निबंध २००५ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'त प्रसिद्ध झाला. जालना जिल्ह्यातून आलेल्या आणि महाडला काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवले आणि ते 'लॅन्सेट'मध्ये मांडले. म्हणजे मराठवाड्याच्या मातीशी नाते असलेल्या डॉक्टरांनी बांधावरच्या अपघातांचे विज्ञान जगापुढे मांडले. ते विज्ञान बांधापर्यंत परत नेणे हे काम मात्र राहून गेले.

उपचाराचे विज्ञान समजून घेतले, तर लवकर पोचण्याचे महत्त्व आपोआप पटते. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. ती रक्तात फिरत असलेले विष निष्प्रभ करते. झालेली इजा मात्र ती परत फिरवू शकत नाही. म्हणून उशीर म्हणजे नुकसान. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस द्यावी लागते, कारण सापाने विष माणसाचे वजन पाहून सोडलेले नसते. तसेच, विष रक्तावर परिणाम करते आहे की नाही हे पाहण्याची चाचणी अतिशय साधी आहे. दोन-तीन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करायची. रक्त तरीही वाहिले तर ते गोठत नाही. ही चाचणी डॉक्टरांनीच करायची. पण ती प्लास्टिकच्या नळीत का चालत नाही, हा विज्ञानाच्या तासाला विचारण्याजोगा प्रश्न आहे. काचेच्या स्पर्शाने गोठण्याची साखळी सुरू होते, प्लास्टिकने नीट होत नाही.

आता शेजारच्या देशातले उदाहरण पाहू. नेपाळच्या तराईत, आग्नेयेकडच्या काही खेड्यांत, एक योजना राबवली गेली. लोकांना सर्पदंशाची माहिती द्यायची आणि गावातल्या मोटारसायकलवाल्या स्वयंसेवकांनी रुग्णाला मध्ये बसवून, मागे एक माणूस धरायला घेऊन, थेट उपचारकेंद्रात पोचवायचे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या दंश झालेल्यांतल्या मृत्यूंचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आले. अभ्यास लहान होता, त्यावरून सगळ्या जगाचा नियम काढू नये. पण त्यात काय वापरले गेले ते पाहावे : माहिती, मोटारसायकल आणि आधीपासून ठरवून ठेवलेला रस्ता. अर्धापूरच्या कोणत्याही वाडीत या तिन्ही गोष्टी उभ्या करता येतील.

विष, वाफ आणि वीज

सर्पदंश हे एक उदाहरण झाले. बांधावरच्या इतर अपघातांचीही तीच गोष्ट आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. त्या नियमांत संरक्षक कपडे, श्वसनसाधने, प्रथमोपचार, उतारा आणि कामगारांचे प्रशिक्षण या सगळ्यांचा उल्लेख आहे. म्हणजे शब्द होते. ते फवारणीच्या पंपापर्यंत पोचले नव्हते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मज्जातंतूंतला एक विकर निकामी करतात. मग लाळ, घाम, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या ही लक्षणे दिसतात. हे विष कातडीतूनही शिरते, म्हणून भिजलेले कपडे काढून अंग साबणाने भरपूर पाण्यात धुणे हा पहिला उपचार. उलटी मुद्दाम करवू नये. औषधाचा डबा किंवा निदान त्यावरचे लेबल रुग्णाबरोबर न्यावे. ते पाहून डॉक्टरांचा वेळ वाचतो.

हळद शिजवताना वाफेने किंवा उकळत्या पाण्याने भाजले तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरणे, हा सर्वांत चांगला उपाय आहे. त्याऐवजी टूथपेस्ट, शाई, हळद किंवा तूप लावले जाते. उष्णता कातडीच्या खालच्या थरांत शिरत राहते, ती पाण्याने ओढून काढायची असते. लेप लावल्याने ती आत राहते आणि जखम डॉक्टरांना दिसतही नाही. कोयत्याची जखम खोल असेल तर स्वच्छ कापडाचा बोळा ठेवून दाबून धरावी आणि दर मिनिटाला उघडून पाहू नये, कारण पाहण्यासाठी हात काढला की नुकतीच धरू लागलेली गुठळी निघते. मोटारीच्या स्टार्टरजवळ माणूस चिकटला तर त्याला हात लावण्याआधी वीज तोडावी. मग तो प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नसेल, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे. रक्ताभिसरण थांबल्यावर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. इतक्या वेळात शेतात कोणतीही रुग्णवाहिका पोचू शकत नाही. १०८ क्रमांकाची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण ही पहिली पाच मिनिटे तिच्या हातातली नाहीत, ती शेजारी उभ्या असलेल्याच्या हातातली आहेत.

मृत्यूनंतरची तरतूद

शेतातला अपघात हा कामाचा अपघात आहे हे सरकारला मान्य नाही, असे मात्र म्हणता येत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश, विंचूदंश, विजेचा धक्का, विषबाधा या सगळ्यांची नोंद आहे. २०२३ पासून ती सानुग्रह अनुदानाच्या रूपात चालते आणि मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळतात. हे पैसे त्या घराला लागतातच. त्यावर टीका करायची नाही. पण दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. एक, योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातली एक व्यक्ती यांच्यासाठी आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही तो मजूर तिच्या कक्षेत येत नाही, आणि वाकून हात मातीत घालणारा बहुतेक वेळा तोच असतो. दोन, अपघात कोणते होतात याची नेमकी यादी शासनाजवळ आहे. मग त्याच यादीवरून प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम का तयार होऊ नये? भरपाईच्या अर्जात जो रकाना आहे, त्या प्रत्येक रकान्यामागे पहिल्या दहा मिनिटांचा एक धडा आहे.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. असे आराखडे आरोग्य खात्यातून निघतात, आरोग्य केंद्रापर्यंत येतात आणि तिथे थांबतात. तिथून बांधापर्यंतच्या अंतरात एकच सरकारी संस्था गावोगावी, वस्त्यावस्त्यांवर आहे : शाळा.

शाळेने काय करावे

शिक्षकांवर आधीच किती कामे लादली आहेत, याची कल्पना आहे. म्हणून आणखी एक उपक्रम, आणखी एक नोंदवही असे सुचवायचे नाही. जे शिकवतोच आहोत, त्यातले काही बदलायचे आहे.

विज्ञानाच्या तासाला रक्ताभिसरण शिकवताना लसिका शिकवली जातेच; तिथेच दोरी का बांधू नये हे सांगता येते. उष्णतेचे वहन शिकवताना भाजलेल्या हातावर पाणी का, लेप का नाही, हे सांगता येते. मज्जासंस्था शिकवताना फवारणीच्या डब्यावरचे लेबल वर्गात वाचता येते. त्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणांचा अर्थ मुलांनी घरी जाऊन सांगावा. डबा मात्र रिकामासुद्धा शाळेत आणू नये. लेबलाचे चित्र काढून आणावे.

दुसरे, प्रात्यक्षिक. एका मुलाला खाली बसवून दुसऱ्या दोघांनी त्याचा पाय फळीला हलका बांधावा. बांधल्यावर बोटांची नखे दाबून सोडली तर रंग परत येतो का, ते पाहावे. येत नसेल तर बांधणे घट्ट झाले आहे. छाती दाबण्याचा सराव उशीवर किंवा गाठोड्यावर करावा, जिवंत मुलाच्या छातीवर कधीही करू नये. हे जून महिन्यात, शाळा उघडल्याबरोबर एकदा आणि ऊसतोडीच्या आरंभी पुन्हा एकदा व्हावे. सराव विरत जातो, म्हणून दोनदा.

तिसरे, माहिती. आपल्या गावापासून सर्वांत जवळ प्रतिविष लस कुठल्या रुग्णालयात ठेवलेली असते, रात्री तिथे डॉक्टर असतात का, पावसाळ्यात कोणता ओढा रस्ता अडवतो, रात्री-बेरात्री मोटारसायकल किंवा जीप देणारी माणसे कोण, हे मुलांनी स्वतः विचारून गोळा करावे. लस संपलेली असेल तर तेही कळेल, आणि ते सरपंचांना सांगता येईल. ही यादी शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरांत लिहावी. आतल्या भिंतीवर लिहिली तर ती पुन्हा कुलपात गेली.

आणि शेवटी, शाळा हीसुद्धा कोणाची तरी कामाची जागा आहे. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी रोज मोठ्या पातेल्याशी आणि गॅसच्या शेगडीशी झुंजतात. प्रयोगशाळेत आम्ल आहे. या लोकांना आणि आपल्याला स्वतःला किती येते, हे मुलांची परीक्षा घेण्याआधी पाहावे. मावशींना वीस मिनिटे पाण्याचा नियम ठाऊक आहे का? नळाला तेवढे पाणी आहे का? नसेल तर स्वयंपाकाच्या खोलीत पाण्याचे एक भरलेले पिंप आणि मग ठेवावा. त्याचा खर्च पेटीपेक्षा कमी आहे, आणि त्याला कुलूप लावण्याचे कोणाच्या मनात येणार नाही.